सौरपंप दुरुस्तीच्या पुस्तिकेसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाना निवडण्याचे साधन

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात सौर कृषिपंप दुरुस्त करणाऱ्या तरुणांनी मिळून लिहिलेल्या पुस्तिकेला खुला परवाना, म्हणजे इतरांना ती वापरण्याची आगाऊ परवानगी, देण्यासाठी आम्ही असे तयार परवाने पुरवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या संकेतस्थळावरील हे साधन वापरले. श्रेय हवे का, व्यावसायिक वापर चालेल का, बदल करू द्यायचे का, असे मोजके प्रश्न विचारून ते नेमका परवाना सुचवते आणि हे काम चोख करते.

व्यावसायिक वापराबाबत मात्र ते पुरेसे सावध करत नाही. तेथे नकार दिला असता, तर पुस्तिका छापून आठवडी बाजारात विकू पाहणारा दुकानदारही अडला असता. म्हणून आम्ही सीसी बाय-एसए ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा’ हा परवाना) घेतला, ज्यात विक्रीला मुभा असते आणि सुधारित आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्याला तीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. दुसरा पर्याय म्हणजे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा; पण २००० साली आलेल्या त्या ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्यात प्रतींसोबत परवान्याचा संपूर्ण मजकूर जोडावा लागतो, आणि चार पानांच्या झेरॉक्सला ते खरोखरच जड आहे. विकिपीडियानेही २००९ मध्ये सीसी बाय-एसए स्वीकारला.

एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे सर्व लेखकांची लेखी संमती आधीच घ्यावी. पंपाच्या नियंत्रकाचा संगणकीय कोड असल्यास त्याला सॉफ्टवेअरचा वेगळा परवाना द्यावा.