आइसलँडमध्ये भाड्याची गाडी आणि शेजारी एसटीचा ड्रायव्हर

फोर-व्हील-ड्राइव्ह, ऑटोमॅटिक, फेब्रुवारीतले चार दिवस. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा गाडीचा नाही, काउंटरचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पैशांची भानगड अजून मिटलेली नाही.

आम्ही मँचेस्टरला राहतो. बाबा नाशिकहून आले होते. त्यांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कसारा घाटातून. माझा मूळ बेत अख्ख्या बेटाला वळसा घालायचा होता. एक नंबरचा रस्ता, १,३२२ किलोमीटर, चार दिवसांत. बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "तिकडे उजाडतं किती वाजता?" पाहिलं तर फेब्रुवारीच्या मध्यात साडेनऊच्या आसपास उजाडतं आणि सहाला मावळतं. "मग हे काय, रातराणी काढतोस?" बेत तिथेच अर्धा झाला. दक्षिण किनाऱ्याने वीक गावापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. शिवाय एक दिवस मोकळा ठेवायचा. हिवाळ्यात जाणार असाल तर हा मोकळा दिवस आधी धरा, हॉटेल नंतर.

केफ्लाविक विमानतळावरून गाडी घेतली. टायर बर्फावर पकड राहावी म्हणून खिळ्यांचे होते, इथे नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ते चालतात. बाबा खाली वाकले, हातमोजा काढला आणि प्रत्येक टायरवरून तळवा फिरवला. मागच्या डाव्या टायरचे खिळे जरा घासले होते, बाकी ठणठणीत. मग मोबाईलच्या उजेडात गाडीला दोन फेऱ्या मारून त्यांनी व्हिडिओ काढला. कंपनीच्या कागदावर ओरखडे सहा, बाबांच्या हिशेबात सतरा. काउंटरवरचा पोरगा हसत होता. हे पुढे कामाला आलं.

विम्याचं मात्र डोकं फिरतं. गाडीच्या नुकसानीचा वेगळा, खडी उडून काच तडकली तर वेगळा, वाळू आणि राखेचा आणखी वेगळा. राखेचा विमा ऐकून बायकोला हसू आलं, पण २०१० च्या एप्रिलमध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल हा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली होती, आणि आमचा रस्ता त्याच डोंगराच्या पायथ्याने जातो. आम्ही तो विमा घेतला. लागला नाही. जे लागलं त्याबद्दल त्या पोराने चकार शब्द काढला नाही.

पहिल्या सकाळी रेक्याविकहून निघालो आणि हेत्लिसहेदी हा उंचावरचा टप्पा बंद. सरकारी नकाशा मोबाईलवर दिसतो, हिरवा म्हणजे मोकळा, निळा म्हणजे निसरडा, लाल म्हणजे बंद. आमचा लाल होता. साडेबाराला उघडला. वीक रेक्याविकपासून जेमतेम १८७ किलोमीटर, मोबाईल अडीच तास सांगतो, आम्हाला पाच लागले.

गाडीबद्दल मात्र तक्रार नाही. बर्फावर घट्ट चालली, हीटर दोन मिनिटांत तापायचा, दिवे उत्तम. फक्त स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बाबा बसले उजवीकडे, म्हणजे जिथे त्यांची सगळी नोकरी गेली तिथे. स्टिअरिंग नसलेल्या त्या जागेवर बसून ते प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबायचे. "अरे, गिअर कुठाय याला? उतारावर इंजिन धरत नाही का?" ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर खाली आणता येतो हे दाखवल्यावरच त्यांचा पाय जरा सैल झाला.

आता दाराची गोष्ट. वाऱ्याचा वेग इथे सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. रस्त्याकडेच्या पाटीवर २० दिसलं की आपल्याला वाटतं किती कमी. त्याला ३.६ ने गुणा, ताशी ७२ किलोमीटर होतात. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात, त्यामुळे वारा मागून असताना दार उघडलं की तो ते हातातून हिसकावून नेतो. म्हणून तोंड वाऱ्याकडे करून गाडी लावायची. हे मला आता माहीत आहे. पेट्रोल पंपावर मी गाडी उलटी लावली. बाबांनी दार चार बोटं उघडलं असेल, धाडकन आवाज झाला, दार पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळलं आणि परत नीट लागेना. बाबा काही बोलले नाहीत. घरी त्यांचा विनाअपघात सेवेचा बिल्ला काचेच्या कपाटात आहे. वीकपर्यंत ते दाराची कडी आतून धरून बसले होते.

रेनिसफ्यारा हा समुद्रकिनारा पाहिला, काळी वाळू, मागे बसाल्टचे खांब. अंधेरीत चार वर्षं राहिल्यामुळे मला तिथली तसल्याच खांबांची गिल्बर्ट हिल आठवली. रेनिसफ्याराला लाटांकडे पाठ करू नका, तिथल्या लाटा माणसं ओढून नेतात. स्कोगाफॉस धबधबा ६० मीटर उंच, थंडीने दहा मिनिटांत परतलो. गेस्ट हाउसमध्ये नळाला जमिनीतलं गरम पाणी, त्याला सडक्या अंड्याचा वास. बाबांनी मालकाला सांगायला लावलं की तुमचं ड्रेनेज फुटलंय. जेवायला दुकानातलं स्कीर आणलं, ते म्हणजे आपला चक्काच. साखर घालून, दशमीबरोबर संपवलं.

गाडी परत देताना आधी बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे मागितले. बाबांचा व्हिडिओ दाखवला, ते मुकाट सोडले. मग दार. वाऱ्याने दाराचं झालेलं नुकसान कुठल्याच विम्यात बसत नाही, हे करारात नवव्या पानावर बारीक अक्षरात आहे. कापले १,८०,००० क्रोना, म्हणजे रुपयांत लाखाच्या वर. चूक माझी, मान्य. पण वाळूचा विमा विकायला दहा मिनिटं होती, तर "दार दोन्ही हातांनी धरा" हे सांगायला दहा सेकंद नव्हते?

बाबांचं म्हणणं, पैसे द्यायचे तर द्यावेत, पण बिजागरी खरंच बदलली का ते कळलं पाहिजे. "वर्कशॉपची पावती माग. जुना पार्ट कुठे गेला तेही विचार." मेल करून तीन आठवडे झाले. पावती आलेली नाही.