थंड हवेत दुर्मीळ कंद: एका हंगामानंतरचा अनुभव

पानगळीत लावलेल्या कंदांची पानं आता पिवळी पडून आडवी झालीत. एक अख्खा हंगाम बघून झाला, आता खात्रीने लिहिता येईल.

सगळ्यात जास्त कामी आला तो गादीवाफा. आमची जमीन चिकणमातीची, म्हणून माती, जाडसर वाळू आणि बारीक खडी जवळपास सारखी मिसळून वाफा उंच उचलला. हिवाळ्यात वरचा थर दगडासारखा गोठला, तरी आतले कंद ठणठणीत राहिले. थंडीची फार धास्ती घेऊ नका, ती त्यांना हवीच असते. ट्यूलिपला 12 ते 16 आठवडे थंडी मिळाली नाही तर दांडा आखूड राहतो, कळीही जळते. कंदाचा घात करते ती साचलेली ओल.

सगळ्यात आधी उमलला ‘कॅथरीन हॉजकिन’ हा बुटका आयरिस. उंची वीतभरसुद्धा नाही, पण फिक्या निळ्या पाकळीवर गडद रेषांची जाळी आणि मधोमध पिवळा पट्टा. जवळ वाकून बघितलं की उठवतच नाही! या गटातल्या बऱ्याच जातींचे कंद पहिल्या फुलोऱ्यानंतर फुटून बारीक दाण्यांएवढे होतात आणि पुढची काही वर्षं नुसती पानं येतात. ही जात त्यामानाने टिकाऊ. फुलं ओसरली की पालाशयुक्त खत जरूर द्या.

फ्रिटिलेरिया इम्पिरियालिस या उंच दांड्यावर घंटेसारखी फुलं येणाऱ्या झाडाच्या कंदाला वरून आरपार भोक असतं, जुन्या दांड्याच्या जागी. त्यात पाणी साचू नये म्हणून तो कलता लावला. फुलं दिमाखदार, वास मात्र उग्र. बसायच्या जागेपासून लांबच बरा. त्याच कुळातली मेलिआग्रिस अगदी उलट्या स्वभावाची. जांभळ्या-पांढऱ्या चौकड्यांची ही घंटा ओलसर गवताळ जागेत खूश असते, म्हणून तिला वाफ्याबाहेर ठेवली. तिच्या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं, त्यामुळे तो पटकन सुकतो. एका विक्रेत्याने पाठवलेले कंद सुरकुतलेलेच निघाले आणि जेमतेम काही उगवले. असे कंद लाकडाच्या ओलसर भुश्श्यात घालून देणाऱ्याकडूनच घ्यावेत, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्नोड्रॉप या छोट्या पांढऱ्या फुलाबाबतही तसंच. सुके कंद घेण्यापेक्षा फुलं झाल्यावर हिरव्या पानांसकट रोपं लावली, ती लगेच रुजली. रानातून उपटलेले कंद स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. याच उपशापायी स्नोड्रॉपच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराचं नियंत्रण आहे. रोपवाटिकेत वाढवलेले आहेत का, हे विचारायला संकोच कसला?

खारींनी क्रोकस उकरले, डॅफोडिलला तोंड लावलं नाही, कारण त्यात लायकोरीन हे विषारी द्रव्य असतं. आता क्रोकसवर बारीक जाळी अंथरणार आहे. पिवळी पानं मात्र पूर्ण वाळेपर्यंत कापणार नाही, पुढच्या वर्षीची कळी त्यांच्याच जिवावर पोसली जाते.