कापडाची ताणशक्ती: पट्टी चाचणी की ग्रॅब चाचणी?

सुती कापडाच्या धाग्यांची खरी ताकद हवी असेल तर पट्टी चाचणीच करा. साधारण ६० मिमी रुंद पट्टी कापायची, दोन्ही कडांचे, पट्टीच्या लांबीच्या दिशेचे धागे सुईने उसवून बरोबर ५० मिमी ठेवायची. कापड तुटेपर्यंत ओढणाऱ्या यंत्राच्या जबड्यांमधलं (पकडींमधलं) अंतर २०० मिमी. उसवण्याचा कंटाळा करून थेट ५० मिमी कापली, तर कडेचे तिरके तुटलेले धागे भार घेत नाहीत आणि आकडा कमी येतो. ताण्याचे (कापडाच्या उभ्या धाग्यांचे) आणि बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) किमान पाच-पाच नमुने घ्या; एकाच दिशेच्या दोन नमुन्यांत तेच धागे येऊ देऊ नका.

ग्रॅब चाचणीत १०० मिमी रुंद तुकडा, पण जबडा पकडतो मधले २५ मिमी. अंतर १०० मिमी. उसवणं नाही, काम झटपट. मात्र शेजारचे धागेही भार वाटून घेतात, म्हणून हा आकडा दुप्पट करून पट्टीच्या आकड्याशी लावणं चूकच. तयार, घट्ट विणीच्या कापडाला ती ठीक.

नागपुरात मे महिन्यात दोन्ही चाचण्या फसवतात. कापूस ओलाव्याने मजबूत होतो, कोरड्या हवेत कमजोर. नमुने २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. कूलरची हवा चालत नाही, तिची आर्द्रता सतत बदलते. पॉलिएस्टरला हा फरक जवळपास जाणवत नाही.

जबड्यालगत ५ मिमीच्या आत तुटलेला नमुना संशयास्पद समजा: बहुधा पकड जास्त घट्ट असते.