लाल्विन ७१बी यीस्ट: अंगणातल्या आंबट काँकर्डला हेच वापरा

अमेरिकेत लेक ईरीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या घरामागे काँकर्ड द्राक्षाचा वेल आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. सप्टेंबर संपत आला की वेल नुसता लगडतो आणि दरवर्षी तोच प्रश्न, एवढ्या द्राक्षांचं करायचं काय, जेली तरी किती करणार! वाईन करा, बिनधास्त करा, फक्त यीस्ट ७१बी घ्या.

काँकर्ड म्हणजे आपलं तासगावचं द्राक्ष नव्हे. बोटांनी दाबलं की साल हातात राहते आणि गर सुळकन बाहेर येतो, आत मोठ्या बिया, वास एकदम जांभळ्या ग्रेप कँडीचा, आणि आंबट तर असं की दात शिवशिवतात. या आंबटपणात मॅलिक ॲसिडचा मोठा वाटा असतो, हिरव्या सफरचंदात असतं तेच. ७१बीची खरी कमाल इथे आहे, साखरेची दारू करता करता ते यातलं २० ते ४० टक्के मॅलिक खाऊन टाकतं. बरेच जण डोळे झाकून ईसी-१११८ हे दुसरं यीस्ट घेतात, ते दणकट आहे, थंडीत चालतं, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकतं, सगळं मान्य, पण मॅलिक ते फारसं कमी करत नाही, मग वाईन अशी धारदार होते की लोक नंतर साखर ओतत बसतात.

पाकीट ५ ग्रॅमचं असतं, ६ गॅलनपर्यंत आरामात पुरतं. द्राक्षं कुस्करून कॅम्पडेनची (जंगली जंतू मारणारी सल्फाइटची) गोळी टाकली की एक दिवस थांबायचं, घाई केली तर यीस्टच मरेल. पेक्टिक एन्झाइम नक्की घाला, काँकर्डमध्ये पेक्टिन (जेली घट्ट करतं तेच) भरपूर, नाहीतर वाईन गढूळच राहते. काँकर्डला स्वतःची साखर कमी, साधारण १५-१६ ब्रिक्स (म्हणजे रसात तेवढे टक्के साखर), म्हणून हायड्रोमीटर (रसाची घनता मोजायची नळी) १.०९० दाखवेपर्यंत साखर विरघळवतो, त्यातून १२ टक्क्यांच्या आसपास वाईन होते. यीस्ट ४० डिग्री सेल्सिअसच्या ५० मिली पाण्यात भुरभुरायचं आणि १५ मिनिटं ठेवायचं, आधी दाणे वरच तरंगतात, मग एकेक खाली उतरतो आणि पाठोपाठ फेस फुगून वर येतो, पावाच्या बेकरीचा वास सुटतो. तो फेस बघायला मला दरवर्षी तेवढंच आवडतं. नंतर सालांचा थर दिवसातून दोनदा लाकडी डावाने खाली दाबत राहायचं.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. ७१बीच्या गाळावर वाईन जास्त दिवस ठेवायची नाही, मेलेल्या यीस्टचा उग्र वास उतरतो, त्यामुळे आंबणं थांबलं की लगेच सायफन लावून दुसऱ्या कार्बॉयमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत) काढायची. थंडीत कार्बॉय गार गॅरेजमध्ये ठेवा, तळाला टार्टारचे (द्राक्षातल्याच दुसऱ्या आम्लाचे) खडे बसतात आणि आंबटपणा आणखी उतरतो.

आणि दुसरा फायदा म्हणजे ही वाईन वर्षानुवर्षं मुरवत ठेवायची गरज नाही. हे यीस्ट ताज्या, फळाचा वास असलेल्या वाईनसाठीच ओळखलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात, दिवसभर गवत कापून, कोंबड्यांचं खुराडं धुऊन, कुंपणाच्या तारा ताणून पाठ मोडली की संध्याकाळी ओट्यावर बसून हीच वाईन थंड करून घ्यायची, बरोबर झणझणीत पिठलं आणि भाकरी. तिखटावर ही फळाळ वाईन जी बसते ना, त्यापुढे दुकानातली महागडी कॅबर्ने मला नको वाटते. आपल्याच वेलाची, आपल्याच हातची, आणि अंग दुखत असताना त्या घोटाची मजाच वेगळी!

अमेरिकेत घरी दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलनपर्यंत फेडरल कायद्याने करता येते, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन काढणं गुन्हा आहे, तिकडच्या भावंडांनी हे वाचून भांडी काढू नका, इकडे आलात की प्या.

यीस्टला पाच पैकी पाच. विकत घेताना तारीख बघा, भर उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेलं पाकीट तापलेल्या मेलबॉक्समध्ये पडून राहू देऊ नका, आलं की थेट फ्रीजमध्ये टाका आणि फोडलेलं पाकीट पुढच्या सीझनसाठी ठेवू नका, दोन-तीन डॉलरची तर वस्तू आहे.