फुकटच्या जीबीत सोसायटीचं दप्तर

दोन पावसाळ्यांपूर्वी जिन्याखालच्या कपाटाच्या भिंतीला ओल आली आणि मिनिट्सची दोन जुनी बुकं भिजून पावासारखी फुगली. तेव्हा सोसायटीचं सगळं दप्तर स्कॅन करून क्लाउडवर चढवायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. अट एकच, पैसे लागता कामा नयेत. मुलुंडच्या आमच्या २८ घरांच्या सोसायटीत महिना शंभर-दीडशे रुपयांच्या खर्चावरही जनरल बॉडी पाऊण तास भांडू शकते. ज्याने ही खुर्ची भोगली आहे त्याला हे सांगायला नको.

इंटरनेटवर फाइली ठेवायला कोणती सेवा फुकटात किती जागा देते, ते असं: मेगा २० जीबी, गूगल १५, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५-५, ड्रॉपबॉक्स २. आयक्लाउड मी लगेच बाजूला ठेवलं, कारण आमच्या कमिटीत आयफोन एकाकडेच. डिजिलॉकर स्वतःच्या आधार-लायसन्ससाठी उत्तम, पण ते व्यक्तीचं खातं, सोसायटीचं दप्तर तिथे कुठे ठेवणार? उरले चार.

कागदांना जागा फारशी लागत नाही. शेअर सर्टिफिकेटं, नॉमिनेशन फॉर्म, मंजूर नकाशे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), वीस वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, सगळं मिळून तीन जीबीच्या आत बसलं. म्हणजे ५ जीबी पुरेत असं वाटलं होतं. पण आमच्याकडे रीडेव्हलपमेंटचं वारं आहे, आणि बिल्डर निवडायच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. मोबाइलवर मिनिटाला साठ एमबी धरले तरी दोन तासांची सभा सात जीबीच्या वर जाते. (आमची सभा दोन तासांत संपेल हाही माझा आशावाद.) शिवाय वनड्राइव्ह विंडोजच्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर स्वतःच्या पोटात ओढायला बघतं. ते वेळीच बंद केलं नाही, तर ५ जीबी तुमच्याच फाइलींनी भरतात.

ड्रॉपबॉक्सचं सिंकिंग, म्हणजे सगळ्या उपकरणांवर फाइली सारख्या ठेवणं, मला अजूनही सगळ्यात नीटस वाटतं, पण तिथली एक गोम कमिटीसाठी जड जाते. शेअर केलेला फोल्डर ज्याने बनवला त्याच्याच नव्हे, तर त्यात सामील झालेल्या प्रत्येकाच्या कोट्यातून जागा खातो. म्हणजे माझ्या दीड जीबीच्या फोल्डरमध्ये खजिनदार आले की त्यांचेही दीड जीबी गेले. वर २०१९ पासून फुकट खात्याला तीनच उपकरणं जोडता येतात. एकट्या माणसाला हे चालेल.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. सुरुवातीला मी यांपैकी काहीच घेतलं नव्हतं. भाच्याने सुचवलेली एक सेवा घेतली होती, नाव घेत नाही, पण जागा अशी की भरता भरणार नाही. दोन रविवार बसून सगळं चढवलं, सरसर चढलं. मग जुलैमधल्या एका शनिवारी विशेष सभा होती. बाहेर पाऊस, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, वडे नुकतेच आलेले. सल्लागार म्हणाले, मंजूर नकाशा दाखवा जरा. मी फोन काढला. आधी जाहिरात. मग ॲप अपडेट करा. मग पुन्हा जाहिरात, या खेपेला रमीची, मोठ्या आवाजात. मग डाउनलोड सुरू झालं आणि टक्केवारी ११ वर येऊन बसली. वेगाने हवं असेल तर पैसे भरा, अशी पट्टी खाली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, ट्रंकच उघडा ना." ट्रंक उघडली, नकाशा निघाला, आणि फोन तेव्हा १४ टक्क्यांवर होता.

चढताना लिफ्ट आणि उतरताना जिना, असा हा सगळा प्रकार. तेव्हापासून मी एकच परीक्षा घेतो. नवीन ठिकाणी दोनशे एमबीची एक फाइल टाकायची आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर उभं राहून, मोबाइल डेटावर, ती परत मागवायची.

मेगा या परीक्षेत पास झालं, हे कबूल करायला हवं. खासगीपणाही तिथेच जास्त, कारण फाइलींची किल्ली तुमच्या पासवर्डनेच कुलूपबंद असते. फुकट खात्याला डाउनलोडची मर्यादा आहे, पण नकाशासाठी ती आड येत नाही. माझी अडचण वेगळी आहे. पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी कीही हरवली, तर कंपनीसुद्धा फाइली उघडून देऊ शकत नाही. आणि आमच्याकडे कमिटी पाच वर्षांनी बदलते. मागच्या बदलीत रबरी शिक्काच दीड महिना सापडत नव्हता. तुम्ही एकटेच असाल आणि शिस्तीचे असाल, तर मेगाच घ्या म्हणेन.

आम्ही शेवटी गूगलवर आलो. पण माझ्या खात्यात नाही. गूगलचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत वाटले जातात, आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो, आणि कोटा भरला की मेल येणं थांबतं. गुड मॉर्निंगच्या फुलांपायी सोसायटीचं दप्तर अडायला नको. म्हणून सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं काढलं. त्यात मेल जवळजवळ नाहीतच, १५ जीबी अख्खे दप्तराला.

खोडी इथेही आहेत. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये खजिनदारांनी आपल्या खात्यातून फाइल टाकली, तर मालकी आणि जागा त्यांच्याच नावावर राहते. उद्या ते ठाण्याला गेले आणि खातं बंद केलं, तर फाइल गेली. म्हणून चढवायचं ते सोसायटीच्या खात्यातूनच. दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर डिसेंबर २०२३ पासून गूगल ते पुसू शकतं. म्हणून वार्षिक सभेच्या नोटिशीचा मसुदा त्याच खात्यात लिहितो, म्हणजे वर्षातून एकदा तरी लॉगिन होतंच. ओटीपीसाठी दोघांचे नंबर दिलेत.

शूटिंगचं काय, हा प्रश्न उरतोच. एक सभा मावेल, दुसरी नाही. त्यासाठी एक हार्डडिस्क घेतली, ती खजिनदारांच्या घरी असते. तिचे साडेचार हजार जनरल बॉडीने दोन मिनिटांत मंजूर केले.