ड्युटीच्या वेळा सांभाळणारी खाणावळ: परळमधले दहा महिने

परळमधल्या रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या नर्सने राहण्याची जागा बघताना भाडे आणि पाणी यांच्याबरोबरच तिथले स्वयंपाकघर रात्री किती वाजता बंद होते, हेही विचारून घ्यावे. मी ते विचारले नव्हते. लातूरला जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा पूर्ण करून आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आल्यावर मी गेल्या वर्षी जुलैमध्ये येथील एका खासगी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून लागले, आणि जवळच्याच एका मुलींच्या वसतिगृहात जेवणासह कॉट घेतली. तिथला स्वयंपाक चांगला होता, पण रात्री साडेनऊला दार बंद होत असे. माझी दुपारची ड्युटी नऊला संपायची आणि ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवून, बाहेर पडेपर्यंत पावणेदहा वाजायचे. पैसे दोन वेळच्या जेवणाचे भरलेले असूनही आठवड्यातून चार-पाच रात्री मी वडापाव किंवा बिस्किटांवर काढल्या. दीड महिन्यात माझे वजन चार किलोने उतरले. एका सकाळी ड्रेसिंगच्या राउंडला डोळ्यांसमोर अंधारी आली तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला खुर्चीवर बसवले आणि पहिला प्रश्न विचारला तो काल रात्री काय जेवलीस, हा. त्याच दिवशी ड्युटी संपल्यावर त्यांनी मला ज्या खाणावळीची वाट दाखवली, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

खाणावळीला फलक नाही. परळ गावातल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत स्वयंपाक होतो आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून लांब बाक व अरुंद टेबल आहे, ज्यावर एका वेळी नऊ जणी बसू शकतात. चालवणाऱ्या बाई मूळच्या मालवणकडच्या. आम्ही सगळ्या त्यांना काकी म्हणतो. हे त्यांचे राहते घर असल्यामुळे नाव आणि नंबर छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती मी पाळत आहे; आसपासच्या कोणत्याही रुग्णालयाच्या नर्सिंग स्टाफमध्ये चौकशी केली तरी पत्ता मिळेल.

या खाणावळीचे खरे वैशिष्ट्य दाराजवळच्या भिंतीवर आहे. तिथे कालनिर्णय टांगलेले असून त्याच्या शेजारी एक पाटी आहे. पाटीवर प्रत्येकीच्या नावापुढे त्या आठवड्याची ड्युटी खडूने लिहिलेली असते: स, दु, रा किंवा सुट्टी. दर रविवारी ती पुसून नवी लिहिली जाते आणि स्वयंपाकाचे वेळापत्रक त्या पाटीवरून ठरते. सकाळच्या ड्युटीवाल्यांसाठी पहाटे सहाला चहा आणि पोळी-भाजीचा डबा तयार असतो. दुपारच्या ड्युटीवाल्या साडेबाराला जेवून जातात आणि रात्री दहा-साडेदहापर्यंत परत येऊन जेवतात. रात्रपाळीला निघणाऱ्यांचे ताट पावणेआठला वाढलेले असते. एवढे इतरत्रही कोणी प्रयत्नाने करील. पण रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी आठ ते साडेनऊ या वेळेत पूर्ण जेवण मिळते, हे मी परळमध्ये दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. जगाची नाश्त्याची वेळ असते तेव्हा आमची झोपण्याआधीची जेवणाची वेळ असते, ही गोष्ट समजावून सांगावी न लागणे किती मोलाचे आहे, ते बारा तास जागून आलेल्या माणसालाच कळेल.

माझी पहिली सलग सात रात्रींची ड्युटी ऑगस्टच्या अखेरीस लागली. तिसऱ्या रात्री वॉर्डातला एक पेशंट पहाटे चारला अचानक खालावला, त्याला आयसीयूत हलवले आणि मग ओव्हर, नोंदी, औषधांचा ताळा हे सगळे उरकून मी खाणावळीत पोहोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. हाताला हँडरबचा, म्हणजे हात निर्जंतुक करण्याच्या द्रावाचा, वास तसाच होता. जेवायची इच्छा नाही, फक्त झोपायचे आहे, असे मी सांगितले. काकी म्हणाल्या, ‘आधी जेव, मगे नीज.’ समोर आली ती उकड्या तांदळाची गरम पेज, वर मिठाचा खडा, बाजूला भाजलेला पापड आणि कैरीच्या लोणच्याची एक फोड. रात्र जागून पोट अवघडलेले असते, मळमळते, आणि अशा वेळी तिखट रस्सा किंवा तेलकट पोहे खाल्ले तर झोपेत जळजळ होते. पेज मात्र सहज उतरते आणि पाच-सहा तास निवांत झोप लागते. मराठवाड्यात वाढलेल्या मला पेज हा आजाऱ्याचा आहार वाटत होता. आता रात्रपाळीच्या आठवड्यात मी स्वतःहून ती मागते.

हे शहाणपण काकींकडे कुठून आले, हे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी सासूबाईंचा फोटो दाखवला. त्यांच्या सासूबाई याच दोन खोल्यांत गिरणी कामगारांना जेवू घालत असत. परळ, लालबाग, भायखळा हा सगळा कापडगिरण्यांचा, गिरणगावचा पट्टा. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे कुणी कामावर जाई तर कुणी झोपायला येई. त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या बायकांना भोंग्यावर चूल पेटवावी लागे. त्या बायकांचे कष्ट मोठे होते आणि पत काहीच नव्हती. सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून अशा खाणावळवाल्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली, हा मुंबईच्या इतिहासातला मला फार आदराचा वाटणारा भाग आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि जेवणारेच गावी परतल्यावर खाणावळींची रया गेली. काकींच्या सासूबाईंनी तेव्हा जवळच्या रुग्णालयांकडे मोर्चा वळवला. केईएम १९२६ पासून आणि टाटा मेमोरियल १९४१ पासून याच परिसरात उभे आहे. वाडियाची दोन्ही रुग्णालयेही जवळच आहेत. गिरण्यांचे भोंगे बंद पडले तरी परळमध्ये रात्री काम करणारी माणसे संपली नव्हती. काकींचे घर तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या वेळांवर चालते आहे.

जेवणाविषयी आता मोकळेपणाने. मासळी उत्तम असते. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी बांगड्याचे तिखले किंवा सुका जवळा असतो, आणि न खाणाऱ्यांना त्या दिवशी काळ्या वाटाण्याचे सांबार मिळते, जे मला मासळीपेक्षाही आवडते. कुळथाची पिठी आणि भात हे सोमवारचे ठरलेले जेवण. सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची असते. ज्वारीची भाकरी मात्र येथे जमत नाही. काकींचा हात तांदळाच्या भाकरीचा. ज्वारीचे पीठही मुंबईत अनेकदा जुने मिळते, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असतो, आणि थापताना भाकरी कडेने चिरते. एका सुट्टीच्या दिवशी मी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, चांगले मळून चार भाकऱ्या थापून दाखवल्या. आता शनिवारी आम्हा मराठवाडा-सोलापूरच्या पाच जणींसाठी भाकरी होते आणि ती पूर्वीपेक्षा बरी असते, पण गावची आठवण काढून येथे येणाऱ्यांनी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. भाज्यांमध्ये ओले खोबरे मुक्तहस्ताने असते. ज्यांना दाण्याचे कूट आणि काळ्या मसाल्याची सवय आहे त्यांना पहिला महिना जड जाईल. मी घरून येसर हा आमच्याकडचा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवते, आणि त्याला काकींची कधी हरकत नसते.

स्वच्छतेबद्दल मी जरा कठोर आहे, कारण माझे कामच ते आहे. भांडी गरम पाण्याने धुतली जातात, पिण्याचे पाणी उकळून गाळलेले असते, स्वयंपाक करणाऱ्या तिघी जणी डोक्याला रुमाल बांधतात. सुरुवातीला मला एकच गोष्ट खटकली होती. दुपारच्या ड्युटीवाल्यांची ताटे साडेसातलाच वाढून, झाकून ठेवली जात आणि आम्ही ती सव्वादहाला उघडत असू. ताटावरचे उपडे झाकण आणि त्याखालचा नावाचा कागद पाहून मन भरून येई, तरीही मुंबईच्या दमट उकाड्यात शिजलेला भात तीन तास बाहेर राहणे धोक्याचे आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हे मी काकींना एका संध्याकाळी नीट समजावून सांगितले. त्यांना राग येईल अशी मला धास्ती होती. त्यांनी शांतपणे ऐकले, दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजता भाताचा दुसरा टोप चढू लागला. गॅसचा खर्च वाढला तो त्यांनी सोसला. मासळीचा रस्सा मात्र मी अजूनही उशिरा आल्यास आधी उकळी आणायला सांगते, आणि इतरांनीही सांगावे.

दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ४,२०० रुपये होतात. पहाटेचा चहा त्यातच आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचे जेवण दुपारच्या जेवणाऐवजी धरले जाते. अनामत रक्कम नाही. सुट्टीवर जाताना एक दिवस आधी सांगितले तर प्रत्येक जेवणाचे ६० रुपये कापून मिळतात, आणि हा हिशेब वहीत आपल्यासमोर मांडला जातो. पहिला पगार २२,००० रुपये, त्यातून कॉटचे भाडे, गावी पाठवायचे पैसे आणि लोकलचा पास जाऊन जे उरते, त्यात ही रक्कम बसते. आधीच्या वसतिगृहात जेवणासाठी मी यापेक्षा जास्त मोजत होते आणि उपाशी झोपत होते.

उणिवाही आहेत. खोली लहान असल्यामुळे साडेबारा ते एक या वेळेत दाराबाहेर उभे राहावे लागते, आणि ड्युटीला पंधरा मिनिटे उरलेली असताना ते उभे राहणे जिवावर येते. त्या वेळेला आधीच डबा भरून घ्यावा. दूध आणि दही अगदी कमी मिळते, म्हणून मी दह्याचे भांडे स्वतः आणते. मोठा पाऊस झाला की हिंदमाता चौकाकडून येणाऱ्या बाजूला पाणी साचते आणि भाजी उशिरा पोहोचते. त्या दिवशी पिठी-भातावर समाधान मानावे लागते. सर्वांत मोठी अडचण गणपतीत येते. काकी आठ दिवस गावी जातात आणि खाणावळ बंद राहते, नेमक्या त्याच दिवसांत लालबाग-परळचे रस्ते माणसांनी भरून जातात, हॉटेलांपुढे रांगा लागतात आणि आमच्या रजा नामंजूर होतात. गेल्या वर्षी मला हे माहीत नव्हते. या वर्षी आम्ही सहा जणींनी मिळून त्या आठ दिवसांसाठी काकींची शेगडी आणि दोन टोप वापरायची परवानगी आतापासूनच मागून ठेवली आहे, आणि त्यांनी किल्ली द्यायचे कबूल केले आहे.

जागा मर्यादित आहे; सध्या आम्ही एकतीस जणी आहोत आणि जुलै-ऑगस्टमध्ये नव्या मुली रुजू होतात तेव्हा प्रतीक्षा करावी लागते. म्हणून रुजू होण्याचे पत्र हाती येताच भेटून यावे. जाताना जमल्यास आपली पहिल्या महिन्याची ड्युटी-लिस्ट बरोबर न्यावी, कारण काकी नाव विचारण्याआधी तीच मागतात.