एफआरराउटिंग: दुवा तुटल्यावर वाट बदलणारे मुक्त सॉफ्टवेअर

क्वाग्गा या जुन्या मुक्त राउटिंग प्रकल्पातून फुटून २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेले एफआरराउटिंग साध्या लिनक्स संगणकाचा राउटर करते, आणि बिघाडानंतर वाहतूक वळवण्याच्या कामी मला ते अतिशय भरवशाचे वाटते. ओएसपीएफ ही राउटरांनी आपसांत माहिती देऊन वाटा ठरवण्याची पद्धत; तिच्या नेहमीच्या मांडणीत ‘मी चालू आहे’ सांगणारा हॅलो संदेश दर १० सेकंदांनी जातो आणि शेजारचा राउटर बंद पडल्याचे ठरवायला ४० सेकंद लागतात. आपल्याच पोर्टची केबल तुटली तर ते लगेच कळते, पण मध्ये स्विच असेल तर पोर्ट चालूच दिसतो आणि तेवढा वेळ पॅकेट वाया जात राहतात. बीएफडी ही दुवा चालू आहे का हे झटपट तपासणारी सेवा जोडल्यावर ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने संदेश जातात आणि सलग तीन चुकले की, म्हणजे साधारण ९०० मिलिसेकंदांत, बिघाड जाहीर होतो. ही सेवा मुळात बंद असते. कोणत्या सेवा चालवायच्या हे सांगणाऱ्या डीमन्स फाइलमध्ये ती सुरू करून प्रत्येक इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ बीएफडी’ ही आज्ञा द्यावी लागते, नाहीतर जुनेच ४० सेकंद निमूटपणे लागू राहतात. हे संदेश सॉफ्टवेअरच हाताळत असल्यामुळे प्रोसेसरवर भार असताना अंतर फार कमी ठेवू नये, कारण धडधाकट दुवाही तुटलेला धरला जातो. दोन लाइन असलेल्या लहान इंटरनेट सेवादारांना मी हे निःसंकोच सुचवेन.